हरित हायड्रोजनमध्ये पीएचडी: विषय कोणता घ्यावा, लॅब कुठली निवडावी?

एम.एस्सी. किंवा एम.टेक. संपवलेल्या, नेट-गेटचा निकाल हातात असलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) जाऊ की आयआयटीला? की थेट जर्मनी गाठू? माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी विषय ठरवावा, मग तो विषय नीट हाताळणारा गाइड आणि त्याची लॅब शोधावी, संस्थेचं नाव सगळ्यात शेवटी बघावं. ‘ग्रीन हायड्रोजन’, म्हणजे अक्षय ऊर्जेतून बनवलेला हायड्रोजन, या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगळी तंत्रज्ञानं येतात. त्यांची यंत्रं वेगळी, अडचणी वेगळ्या आणि पुढच्या नोकऱ्याही वेगळ्या. चार-पाच वर्षं द्यायची तर आपण नेमकं कशात शिरतोय हे आधी कळायला हवं.

या क्षेत्रात पैसा आला आहे हे खरं. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझरचं (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राचं) उत्पादन आणि हायड्रोजननिर्मिती यांच्या प्रोत्साहनासाठी, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांसाठी आणि संशोधनासाठी ४०० कोटी. या आकड्यांचं प्रमाण नीट बघा. सरकारचा भर कारखाने उभे करण्यावर आहे. म्हणून ज्या संशोधनाचा धागा कारखान्यापर्यंत जातो, त्याला पुढच्या दहा वर्षांत मागणी राहील असं मला वाटतं. खालची सगळी तुलना मी याच नजरेने केली आहे.

आधी एक हिशोब पाठ करा

पाण्याचा एक रेणू फोडून हायड्रोजन मिळवायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. त्यामुळे एक किलो हायड्रोजनला सेलमध्ये (इलेक्ट्रोलायझरच्या मूळ घटकात) किती वीज जाईल हे जवळजवळ पूर्णपणे सेलच्या व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेजला २६.६ ने गुणलं की युनिट मिळतात. १.४८ व्होल्टला ३९.४ युनिट, म्हणजे बाहेरून उष्णता दिली नाही तर लागणारी किमान वीज. १.८ व्होल्टला ४८ युनिट, २ व्होल्टला ५३. त्यावर पंप, रेक्टिफायर, गॅस वाळवणं यांचा खर्च येतो.

प्रत्यक्ष प्लांटवर हे ताडून बघता येतं. मध्य प्रदेशात विजयपूर इथे गेल या गॅस कंपनीने २०२४ मध्ये १० मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला. त्याची क्षमता दिवसाला ४.३ टन हायड्रोजनची. १० मेगावॅट चोवीस तास चालवलं की २,४०,००० युनिट होतात. त्याला ४,३०० ने भागलं की किलोमागे साधारण ५६ युनिट येतात.

आता कुणी म्हणालं, ‘आमच्या नव्या कॅटलिस्टने (उत्प्रेरकाने) १०० मिलिव्होल्ट वाचवले’, तर लगेच २.७ युनिट असं मनात यायला हवं. पाच रुपये युनिट धरलं तर किलोमागे १३ रुपये वाचतात. ही बचत चांगलीच आहे, पण कॅटलिस्टची किंमत आणि त्याचं आयुष्य त्यातून वजा करावं लागतं. कुठलाही पेपर वाचताना हा गुणाकार केला की त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय सजावट, हे बरंच स्पष्ट होतं.

अल्कलाइन आणि पीईएम

पहिली मोठी निवड या दोन तंत्रज्ञानांत आहे. बाजारात आज मेगावॅटच्या मापाने विकली जातात ती मुख्यतः हीच.

अल्कलाइन हे जुनं. २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, तापमान ६० ते ९० अंश, इलेक्ट्रोड निकेलचे, मध्ये सच्छिद्र डायफ्रॅम. पूर्वी हा डायफ्रॅम अॅस्बेस्टॉसचा असायचा, आता झिर्कोनिया आणि पॉलिसल्फोनचा असतो. आपल्या देशाला हे नवीन नाही. १९६० च्या दशकात पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या जलविद्युतेवर पाणी फोडून हायड्रोजन आणि त्यापासून अमोनिया बनत होता. भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) स्वतःचं अल्कलाइन तंत्रज्ञान विकसित केलं आहे आणि एल अँड टीने सुरतजवळ हजिऱ्याला अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर बनवायला सुरुवात केली आहे.

पीईएममध्ये (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन, म्हणजे प्रोटॉन जाऊ देणारा पडदा) द्रावण नसतं. पातळ फ्लोरिनयुक्त पॉलिमरचं मेम्ब्रेन, एका बाजूला इरिडियम ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला प्लॅटिनम, आणि ते धरून ठेवणारे टायटॅनियमचे भाग. आटोपशीर असतं, जास्त करंट घेतं आणि सौरऊर्जेच्या चढउतारांना चटकन जुळवून घेतं. विजयपूरचा प्रकल्प पीईएमचाच आहे. बंगळुरूजवळ ओहमियमचा पीईएम कारखाना आहे.

विद्यार्थ्यांचा ओढा पीईएमकडे जास्त असतो. ते आधुनिक वाटतं, उपकरणं देखणी असतात. पण इरिडियमचा हिशोब करून बघा. सगळ्या जगात वर्षाला सात-आठ टन इरिडियम निघतं आणि त्यातलं बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येतं. एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इरिडियम, करंट २ अँपिअर आणि व्होल्टेज १.९ धरलं तर एका गिगावॅटला साधारण ५०० किलो लागतं. अभियानाचं २०३० चं लक्ष्य वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं आहे. त्यासाठी निदान ६० गिगावॅट इलेक्ट्रोलायझर लागतील. ते सगळे पीईएम करायचे म्हटलं तर ३० टन इरिडियम, म्हणजे साऱ्या जगाचं चार वर्षांचं उत्पादन. त्यामुळे पीईएममध्ये शिरायचं असेल तर ‘इरिडियम २ मिलिग्रॅमवरून ०.२ वर कसं आणायचं आणि तरीही हजारो तास कसं टिकवायचं’ हाच खरा प्रश्न आहे. तो अवघड आहे आणि त्याला मेम्ब्रेन-इलेक्ट्रोड जोडणी बनवण्याची सामग्री लागते: फवारणीचं किंवा कोटिंगचं यंत्र, हॉट प्रेस, सेल चाचणीचं स्टेशन. हे नसलेल्या लॅबमध्ये पीईएमवर पीएचडी घेतली तर हाताशी फक्त पावडर उरते.

अल्कलाइनबद्दल ‘त्यात आता शोधायला काय उरलंय’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला तर आपल्याकडच्या विद्यार्थ्यासाठी हाच सगळ्यात सकस विषय वाटतो. हे इलेक्ट्रोलायझर वर्षानुवर्षं एकसारख्या विजेवर चालत आले. आता त्यांना सूर्याच्या विजेवर चालवायचं आहे: सकाळी हळूहळू चढणारी, ढग आला की पडणारी, संध्याकाळी शून्य. लोड कमी झाला की हायड्रोजन कमी बनतो, पण डायफ्रॅममधून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. त्यामुळे ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण वाढत जातं. चार टक्क्यांना मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून सुमारे दोन टक्क्यांनाच यंत्र बंद करावं लागतं. शिवाय यंत्र बंद झाल्यावर स्टॅकमध्ये (एकाला एक जोडून रचलेल्या सेलच्या चळतीत) उलटा करंट वाहतो आणि निकेलचे इलेक्ट्रोड झिजतात. रोज संध्याकाळी बंद आणि रोज सकाळी सुरू, असं वर्षातून तीनशेच्या वर वेळा. हा प्रश्न राजस्थान-गुजरातच्या उन्हात चालणाऱ्या प्रकल्पांचा आहे. तो सोडवणारी माणसं इथेच तयार व्हायला हवीत असं मला मनापासून वाटतं. पदार्थविज्ञान, केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशा चारही शाखांच्या मुलांना यात शिरायला वाट आहे.

बाकीच्या वाटा

एईएम, म्हणजे ऋणायन मेम्ब्रेन, हा दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे. पीईएमसारखं घन मेम्ब्रेन, पण वातावरण अल्कलाइन, म्हणून निकेल-लोखंडावर भागतं. आसामात जोरहाटला ऑइल इंडियाने एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला १० किलोचा प्रकल्प याच तंत्रज्ञानावर सुरू केला. दुबळा दुवा मेम्ब्रेनचा आहे: त्यातले धनभारित गट गरम अल्कलीत हळूहळू तुटतात. पॉलिमर केमिस्ट्री आवडणाऱ्यांनी डोळे झाकून हा विषय घ्यावा. पीएचडीच्या काळात एखादं नवं मेम्ब्रेन बनवून त्याची हजार तास चाचणी करणं शक्य आहे, आणि एवढं झालं तरी जगभरात त्याची दखल घेतली जाते.

सॉलिड ऑक्साइडमध्ये पाण्याऐवजी ७०० ते ८५० अंशांची वाफ फोडतात. उष्णतेने थोडं काम केलं की वीज कमी लागते. पोलाद किंवा खत कारखान्यातली वाया जाणारी उष्णता हाताशी असेल तर किलोमागे चाळीस युनिटच्या आसपास भागू शकतं. अडचण सिरॅमिकची आहे. तापवा, थंड करा, पुन्हा तापवा असं केलं की थर सुटतात, तडे जातात. आपल्याकडे कोलकात्याच्या काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत (सीजीसीआरआय) या प्रकारच्या सेलवर दीर्घ काम झालं आहे, पुण्यातली एचटूई पॉवरही यात आहे. परदेशात डेन्मार्कचं तंत्रविद्यापीठ आणि स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज ही या विषयाची मोठी घराणी. सिरॅमिकची, भट्टीची, सिंटरिंगची आवड असेल तरच इकडे या. एक सेल बनवून तपासायला आठवडे जातात आणि पेपरांची संख्या कमी भरते.

सूर्यप्रकाशाने थेट पाणी फोडणं ही सगळ्यात मोहक कल्पना. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर ते दाखवलं. पण सौरपॅनेलची वीज घेऊन वेगळ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये घालणं आज इतकं स्वस्त झालंय की या वाटेला कारखान्यात जागा मिळणं कठीण दिसतं. विज्ञान म्हणून सुंदर आहे, आयुष्य अध्यापनात घालवायचं असेल तर जरूर करा. उद्योगात जायचं असेल तर माझा सल्ला नको असा आहे.

दोन वाटा आपल्या जवळच्या. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) प्रा. जी. डी. यादव यांच्या गटाने ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर तांबं-क्लोरिन चक्रावर काम केलं. पाणी विजेने फोडण्याऐवजी तांब्याच्या क्लोराइडच्या एकामागून एक अभिक्रिया, कमाल तापमान साधारण ५५० अंश. सौर किंवा अणुऊर्जेची उष्णता वापरता यावी हा हेतू. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ टेक विद्यापीठातही हेच चक्र अभ्यासलं जातं. केमिकल इंजिनिअरला इथे खरी प्रक्रिया-रचना शिकायला मिळते, पण हे प्रावीण्य मागणारे मालक मोजकेच आहेत.

दुसरी वाट शेतातल्या काडीकचऱ्याची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने वाफ आणि ऑक्सिजन वापरून एक किलो जैवभारापासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवला. जैवभारात मुळात ६० ग्रॅमच असतो, बाकीचा वाफेतून येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही शेतीच्या अवशेषांपासून हायड्रोजनच्या तंत्रावर काम केलं आहे. उसाचं पाचट, कापसाच्या पळकाट्या, सोयाबीनचं भुसकट यांची महाराष्ट्रात कमी नाही. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा पर्याय गंभीरपणे घ्यावा.

आणि बीकर हातात धरायचाच नसेल तर? मग ऊर्जाप्रणालींचा अभ्यास आहे. आयआयटी मुंबईच्या ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभागात या प्रकारच्या कामाची परंपरा आहे. हायड्रोजन कुठे बनवायचा, वीज कुठून आणायची, पाणी कुणाचं? एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी फुटतं. ५० लाख टनांना नुसतं तेवढंच धरलं तरी साधारण १.६ टीएमसी होतं, म्हणजे खडकवासला धरणाच्या साठ्याहून थोडंसंच कमी. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायला लागणारं पाणी धरलं तर त्याच्या काही पट. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. आता प्रकल्प कोकण किनाऱ्यावर यावेत की मराठवाड्यात, हे आकडेमोडीने मांडणारी माणसं हवी आहेत. इथे प्रयोगशाळेची सामग्री लागत नाही. चांगला गाइड आणि खरी आकडेवारी मिळाली की काम होतं.

१० मिलिअँपिअरवर थांबणारी लॅब

आता लॅब कशी पारखायची. कोणत्याही संस्थेत हायड्रोजनवरचं बहुसंख्य काम असं चालतं: निकेल फोमचा एक सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, आम्लात धुवायचा, ऑटोक्लेव्हमध्ये रात्रभर ठेवून त्यावर एखाद्या सल्फाइडचा किंवा फॉस्फाइडचा थर चढवायचा, पोटेन्शिओस्टॅटला (व्होल्टेज काबूत ठेवून करंट मोजणाऱ्या यंत्राला) जोडायचा आणि १० मिलिअँपिअरला किती ओव्हरपोटेन्शिअल (किमान गरजेपेक्षा जादा लागणारं व्होल्टेज) येतो ते छापायचं. १० हा आकडा सूर्यप्रकाशावरच्या संशोधनातून आला. साधारण १२ टक्के कार्यक्षमतेच्या सौर-हायड्रोजन उपकरणात एका चौरस सेंटिमीटरला तेवढाच करंट असतो. कारखान्यातले नवे स्टॅक मात्र ५०० ते २,००० मिलिअँपिअरवर चालतात. त्या करंटला बुडबुडे पृष्ठभाग झाकून टाकतात, थर सोलून निघतो, द्रावण तापतं. १० वरचा विजेता तिथे बऱ्याचदा टिकत नाही.

मोजमापातही सापळे आहेत. हायड्रोजनचा कॅटलिस्ट तपासताना समोर प्लॅटिनमचा काउंटर इलेक्ट्रोड लावला तर त्यातलं प्लॅटिनम विरघळून आपल्याच सॅम्पलवर येऊन बसतं. दिवसेंदिवस निकाल सुधारत जातो आणि विद्यार्थी आनंदात असतो. म्हणून तिथे ग्राफाइट लावतात. ऑक्सिजनच्या बाजूला दुसरा घोळ होतो. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (केओएच) लोखंडाचे अंश असतात आणि निकेल ते शोषून घेतं. निकेलची म्हणून मिरवलेली कामगिरी मोठ्या प्रमाणात त्या लोखंडाची असते, हे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या गटाने नीट दाखवून दिलं. अशा लॅबला भेट द्याल तेव्हा तिथल्या एखाद्या सीनिअरला सहज विचारा, ‘ताई, काउंटरला काय लावता? केओएच शुद्ध करून घेता का?’ उत्तर पटकन आलं तर लॅब जागी आहे.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एक, टेबलावर फक्त काचेचे सेल आहेत की पाच-पंचवीस चौरस सेंटिमीटरचा, बोल्टने आवळलेला खरा सेलही चालू आहे. दोन, सगळ्यात लांब चाचणी किती तासांची झाली. २४ तास म्हणाले तर काम पेपरापुरतं आहे. ५००-१,००० तास म्हणाले तर तिथे रात्री गॅसचा अलार्म वाजला की धावणारं कुणीतरी आहे. अशा लॅबमध्ये शिकलेलं पुढे जन्मभर उपयोगी पडतं.

पुणे, पवई, माटुंगा, कोल्हापूर

एनसीएलची ताकद रसायनशास्त्र आणि पॉलिमर. फ्युएल सेलमध्ये त्यांनी वस्तू रस्त्यावर आणून दाखवली. केपीआयटीबरोबर केलेली देशी हायड्रोजन फ्युएल सेल बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात सादर झाली. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या चार हायड्रोजन व्हॅलींपैकी (एकाच भागात हायड्रोजनची निर्मिती ते वापर अशी साखळी) एक पुण्यात आहे, आणि तिची धुरा एनसीएलकडे आहे. इथली पीएचडी एसीएसआयआर या, सीएसआयआरच्या प्रयोगशाळांच्या अकादमीची असते. मेम्ब्रेन, कॅटलिस्ट, एईएम या विषयांसाठी मी एनसीएलला पवईच्या वर ठेवीन.

आयआयटी मुंबईत विषयांची रुंदी जास्त. ऊर्जा विभाग, केमिकल, मेटलर्जी, २०१० मध्ये सुरू झालेलं फोटोव्होल्टाइक्सचं राष्ट्रीय केंद्र, हे सगळं एकाच कॅम्पसवर. सौरऊर्जा आणि इलेक्ट्रोलायझर जोडण्याचं काम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, प्रणाली-अभ्यास यांत पवई सरस. शिवाय आयआयटीबी-मोनाश अकादमीतून २००८ पासून ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी मिळते. राहायला पवई, काही काळ मेलबर्न. परदेशी जायचं आहे पण घर पूर्ण सोडवत नाही, अशांना याहून सोयीचं फार काही दिसत नाही. आयसीटी या दोघांपेक्षा लहान, पण रिअॅक्टर आणि स्केल-अप तिथे हाडीमांसी खिळलेलं आहे. १९३३ पासूनची ती परंपरा आहे.

राज्य विद्यापीठांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण बहुतेकांच्या वाट्याला तीच येतात आणि त्यांना उगाच कमी लेखलं जातं. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पातळ थरांच्या कामासाठी जगभर ओळखलं जातं. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या पिढीने रासायनिक पद्धतीने, महागडी निर्वात यंत्रं न वापरता, बीकरमध्ये दर्जेदार थर घालायची शाळाच उभी केली. तिथून निघालेली कितीतरी मुलं पुढे दक्षिण कोरियात पोस्टडॉकला गेली. सीनिअरने ज्युनिअरला बोलवायचं, अशी ती साखळी आजही चालू आहे. सांगली-साताऱ्याच्या खेड्यातला मुलगा ग्वांगजूच्या लॅबमध्ये भाकरीचं पीठ शोधतोय हे चित्र तिथल्या मराठी लोकांना नवीन नाही.

इथली उणीव मी वर सांगितली तीच: सेल, स्टॅक, लांब चाचण्या यांची सामग्री कमी. तेव्हा राज्य विद्यापीठात प्रवेश घ्यायचा तर पहिल्याच वर्षी एनसीएल, बीएआरसी किंवा एखाद्या कंपनीत चाचणीची सोय होईल असा सह-मार्गदर्शक गाठा. थर घालायचं कौशल्य कोल्हापूरचं आणि सेलची चाचणी पुण्याची, असं जुळलं तर तो प्रबंध कुठल्याही आयआयटीच्या प्रबंधाशेजारी ताठ मानेने उभा राहील.

जर्मनी, कोरिया, ऑस्ट्रेलिया

जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी हा बहुधा नोकरदार असतो. विद्यापीठाच्या ई-१३ वेतनश्रेणीत अर्ध्यापासून पूर्ण पदापर्यंत करार, त्यातून विमा, पेन्शन, रजा सगळं. मुदत तीन-चार वर्षं. यूलिश हे हायड्रोजनचं मोठं संशोधन केंद्र. पदवी मात्र आखेन वगैरे विद्यापीठाची मिळते. सेल आणि स्टॅक पातळीचं काम शिकायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. तिथे टेस्ट-बेंच चालवणारे तंत्रज्ञ पूर्णवेळ असतात, विद्यार्थ्याला गळती शोधण्यात आठवडे घालवावे लागत नाहीत. अट एवढीच की मास्टर्स हवं. बी.टेक.वाल्यांना आधी तिथे एम.एस्सी. करावं लागतं. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. ही रक्कम कर्ज काढून उभी करणाऱ्या घरांनी नीट विचार करावा. पुढे पीएचडीचा करार मिळेलच असं नाही.

कोरियात सगळं प्राध्यापकावर अवलंबून. पैसा, विषय, कामाचे तास, घरी जायची रजासुद्धा. लॅब उपकरणांनी भरलेली असते, पेपर झपाट्याने निघतात. तिथे गेलेल्या आपल्या माणसांशी आधी बोला. ते मोकळेपणाने सांगतात, आणि कुठल्या प्राध्यापकाकडे जाऊ नये हेही सांगतात. माझं मत असं की पीएचडी इथे किंवा युरोपात करावी आणि कोरिया पोस्टडॉकसाठी ठेवावं.

ऑस्ट्रेलियात कल्पना धाडसी असतात. वोलोंगॉन्ग विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये केशाकर्षणाने पाणी पुरवणारा, बुडबुड्यांचा अडथळाच काढून टाकणारा सेल दाखवला: किलोमागे ४०.४ युनिट. वरच्या गुणाकाराने सुमारे १.५ व्होल्ट येतात, म्हणजे किमान मर्यादेच्या अगदी जवळ. त्यातून हायसाटा ही कंपनी निघाली. विद्यापीठातून कंपनी उभी राहताना बघायची असेल तर ऑस्ट्रेलिया बघा. फी जबर आहे, म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती असेल तरच जा. जपानचं नाव मी एकाच विषयासाठी घेतो: हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ का होतं. टाक्या आणि पाइपलाइनचा सगळा प्रश्न त्यात आहे, आणि क्यूशू विद्यापीठ त्यात अग्रणी आहे. धातुशास्त्राच्या मुलांनी लक्षात ठेवावं.

पैशाचं

इथे नेट-जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, सीनिअर झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवात ७०,००० पासून. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांची जाहिरात, नोंदणीच्या तारखेची अट, कागदपत्रं हे सगळं पीएचडीचा प्रवेश घ्यायच्या आधी वाचा. नंतर कळलं आणि नोंदणीची तारीख चुकली, असं होतं. कुठलीही फेलोशिप असो, हप्ता पुढेमागे होतो. सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरच्यांशी बोलून ठेवलेली बरी, विशेषतः पुण्या-मुंबईत खोली घ्यायची असेल तर.

मी कुणाला काय सांगेन

पॉलिमर किंवा ऑरगॅनिकवाल्याला: एईएम मेम्ब्रेन, एनसीएल. केमिकल इंजिनिअरला: अल्कलाइन स्टॅक आणि त्याचं सौरविजेवर चालणं. इथे पवई किंवा आयसीटी, बाहेर यूलिश. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला, राज्य विद्यापीठात जागा मिळत असेल तर: निकेल-लोखंडाचे थर, पण पहिल्या दिवसापासून ५०० मिलिअँपिअरवर आणि सह-मार्गदर्शकासह. मेटलर्जीला: ठिसूळपणा किंवा सॉलिड ऑक्साइड. घरची जबाबदारी आहे, शहर सोडता येत नाही, अशा मुलीला किंवा मुलाला: प्रणाली-अभ्यास. आठवड्यातले काही दिवस घरून काम करणं त्यात खरोखर शक्य असतं आणि विषय दुय्यम नाही.

गाइडला पहिला ई-मेल पाठवताना बायोडेटा जोडाच, पण त्याआधी त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा आणि एका आकड्याबद्दल प्रश्न विचारा: हे व्होल्टेज कुठल्या तापमानाला मोजलं, द्रावणाच्या रोधाचा वाटा वजा करून की न करता? ज्या प्राध्यापकाला विज्ञानाची आस्था आहे तो अशा प्रश्नाला उत्तर देतो. उत्तर आलं की त्या लॅबमधल्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करा आणि गेल्या तीन वर्षांत तिथून पीएचडी घेऊन बाहेर पडलेले आज कुठे आहेत ते विचारा. ती नावं आणि ठिकाणं कागदावर लिहिली की दोन लॅबमधली निवड बहुधा तिथेच होते.